प्लॉट एक, चुली तीन

आम्ही सगळे एकाच कुटुंबातली माणसं आहोत, हे एका सरकारी साहेबांना पटवून द्यायची वेळ माझ्यावर आली, आणि ती मी स्वतःच्या पायांनी ऑफिसात जाऊन, रांगेत उभा राहून, ओढवून घेतली.

तसं बघायला गेलं तर शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. आडनाव एक, गेट एक, गेटवरची पाटी एक, आणि नळाला पाणी यायचा दिवसही एकच. सोलापुरात होटगी रोडला आमची सोसायटी आहे. तिथे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फार पूर्वी प्लॉट घेऊन घर बांधलं. खाली पुढच्या बाजूला अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझी आई. मागच्या बाजूला माझे मल्लूकाका आणि काकू. वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको वैशाली. मुलगी पुण्याला शिकते. एकत्र कुटुंब! नातेवाइकांत आमचं उदाहरण देतात. (उदाहरण देणाऱ्यांपैकी जेवायला कोणी थांबत नाही.)

कारण जेवायला थांबायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणाकडे?

अव्वा अक्कलकोटकडची. तिची ज्वारीची भाकरी इतकी कडक, की मोडली तर गल्लीतलं कुत्रं भुंकतं. काकू टेंभुर्णीची. तिची भाकरी इतकी मऊ, की घडी घालून रुमाल म्हणून खिशात ठेवावी. वैशाली नाशिकची. तिला मुळात भाकरीच नको, पोळी हवी, आणि भाजीत चिमूटभर साखर हवी. आता या तिघी एका ओट्यापुढे किती दिवस उभ्या राहणार? भांडण झालं असं मी म्हणणार नाही. शेंगाचटणीत मीठ किती असावं यावर एकदा चर्चा झाली, चर्चा जरा लांबली, आणि दुसऱ्या दिवशी काकूने मागच्या पडवीत गॅस मांडला. पुढे वैशालीने "फक्त चहापुरती" म्हणून वरच्या खोलीत शेगडी नेली. चहामागून पोहे गेले, पोह्यांमागून कुकर गेला, आणि एक दिवस मी कामावरून आलो तर चार हमाल घाम पुसत जिना उतरत होते आणि वर फ्रिज होता.

घराच्या मंजूर नकाशात ती वरची खोली 'अभ्यासिका' आहे आणि मागची पडवी 'देवघर'. नकाशा कोण बघतंय! आम्ही सुखात होतो.

आमच्या शेजारी नागनाथअण्णा राहतात. मंद्रूपला त्यांची शेती, इथे बैठं घर. स्वभाव इतका शांत, की रिक्षाने धडक दिली तर आधी रिक्षावाल्याला लागलं का विचारतील. एक दिवस ते कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाले, "शिवा, घर पाडावं म्हनतो. चार फ्लॅट काढतो. दोन पोरांना दोन, एक आमाला, एक इकायचा." (माझं नाव शिवानंद. अण्णा लहानपणापासून मला शिवा म्हणतात.)

मी "वा वा, उत्तम!" म्हणालो आणि विसरलो. अव्वा विसरली नाही. ती मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली.

"हितं शेजारी एवढं मोठ्ठं उभारलं, तर माझ्या गच्चीवर ऊन कुटनं येनार?"

"अव्वा, सोलापुरात उन्हाची कधी टंचाई झालीय का?"

"तुला काय कळतंय! पापडाला सकाळचं कवळं ऊन लागतंय. दुपारचं ऊन पापडासाठी न्हाय, ते मानसं वाळवायला असतंय. तू काय करनार हायस का न्हाय?"

एवढ्या वर्षांत अव्वाने मला पहिल्यांदाच काहीतरी करायला सांगितलं होतं. (एरवी "तू काय करू नको" एवढंच सांगते.) त्यामुळे मला हुरूप आला.

माझं पंखे-मिक्सरचं दुकान आहे. दुपारी ऊन इतकं असतं की पंखा घ्यायला यायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक घरचा पंखा सोडून निघत नाही. त्या रिकाम्या दुपारी मी मोबाइलवर बांधकामाचे नियम वाचायला बसलो. प्लॉट केवढा आणि त्यावर बिऱ्हाडं किती, याचं म्हणे प्रमाण ठरलेलं असतं. प्लॉट लहान तर बिऱ्हाडं कमी. जास्त बिऱ्हाडं हवी तर प्लॉट मोठा हवा, बाजूला मोकळी जागा हवी, पुढचा रस्ता रुंद हवा. आमच्या सोसायटीतल्या प्लॉटवर दोन बिऱ्हाडं बिनघोर चालतात, पण चारांना प्लॉट पुरेपूर भरावा लागतो. या सगळ्याला 'घनता' म्हणतात, हे मला समजलं, आणि समजल्यापासून मी कोणालाही सोडलं नाही. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईंना मी विचारलं, "ताई, तुमच्या प्लॉटची घनता किती?" बाई मिक्सर उचलून चालत्या झाल्या.

घरी सांगितलं तर मल्लूकाका म्हणाले, "घनता दुधाची असती की रं! प्लॉटची कुटली?"

मग मी अण्णांनाच गाठलं.

"अण्णा, तुमच्या प्लॉटवर चार बिऱ्हाडं बसत नाहीत."

"व्हय की," अण्णा म्हणाले. "आमचा इंजिनेरबी त्येच म्हनतोय. कागदावर जागा पुरतीया, पन टेप लावला की जराशी कमी भरतीया. जागेवर जेवढी भरंल तेवढीच धरत्यात म्हनं. अर्ज अडकलाय. चहा घेतो का?"

इथे कोणीही शहाणा माणूस चहा पिऊन घरी आला असता. अर्ज अडकलाय, माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय! मी नुसता गप्प बसलो असतो तरी काम झालं असतं. पण मग माझ्या वाचनाचं काय? मी मनात म्हटलं, अडकलेला अर्ज उद्या सुटला तर? आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बांधकाम परवानगीच्या ऑफिसात गेलो.

खिडकीत एक बाई होत्या.

"काय काम आहे?"

"घनता!" मी म्हणालो.

"कोण?"

मी सविस्तर सांगितलं. लहान प्लॉट, चार बिऱ्हाडं, पाणी कोणाला पुरणार, गाड्या कुठे लावणार, ड्रेनेजचं काय होणार! मागे रांगेतले दोघे-तिघे माना डोलवायला लागले, तेव्हा माझा आवाज आणखी चढला. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

"तुमच्या स्वतःच्या प्लॉटवर किती बिऱ्हाडं?"

"एक!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "आईवडील, काका-काकू, आम्ही. एकत्र कुटुंब आहे आमचं."

"अरे वा! हल्ली कुठे बघायला मिळतं असं. बरं, आमचे साहेब परवा सकाळी जागेवर येतील. दोन्ही प्लॉट बघतील."

"दोन्ही कशाला?"

"शेजारशेजारचे आहेत ना? हद्द एकच. शिवाय तुम्ही तक्रार करताय, तर तुमचंही नियमात आहे ना, तेही बघणारच. घाबरू नका, बिऱ्हाडं मोजायला वेळ लागत नाही. स्वयंपाकघरं मोजायची. जेवढी स्वयंपाकघरं तेवढी बिऱ्हाडं."

मी हसत हसत निघालो. अर्धा जिना उतरल्यावर ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. मी तसाच परत वर गेलो.

"मॅडम, तक्रार मागे घेता येते का हो?"

"येते की. फक्त कारण लिहून द्या."

कारण काय लिहिणार? 'माझ्या घरात तीन चुली आहेत हे मला आत्ताच आठवलं'? मी नमस्कार करून खाली आलो.

संध्याकाळी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवून मी परिस्थिती सांगितली. अप्पांना पटेना.

"आपुन एक बिऱ्हाड न्हाय म्हंजे?"

"आहोत अप्पा. पण स्वयंपाकघरं तीन आहेत."

"मग सांगायचं, बायका तीन हायत म्हनून."

"अप्पा, ते बायका मोजत नाहीत, ओटे मोजतात."

"आणि तीन निघाले तर काय होतं?" वैशालीने विचारलं.

"या प्लॉटवर दोन चालतात. तिसरं बंद करायला लावतील."

तिसरं म्हणजे कोणाचं, हे कोणीच विचारलं नाही. अव्वाने काकूकडे बघितलं, काकूने वैशालीकडे बघितलं, आणि वैशालीने माझ्याकडे असं बघितलं की बंद व्हायचंच असेल तर मी व्हावं.

शेवटी ठरलं, की त्या सकाळपुरतं घर एक करायचं. स्वयंपाकघर फक्त अव्वाचं. काकूच्या पडवीत गॅसपुढे पडदा लावून पडद्यापुढे देवांच्या तसबिरी मांडायच्या, म्हणजे नकाशाप्रमाणे देवघर. वरच्या ओट्यावर चादर अंथरून मुलीची जुनी पुस्तकं आणि पृथ्वीचा गोल ठेवायचा, म्हणजे अभ्यासिका. फ्रिज जिन्यातून खाली आणायला हमाल मिळेनात, तेव्हा तोही पुस्तकांनी भरला. सिलिंडर लपवायला जागा नव्हती, म्हणून वैशालीने त्याला कोपऱ्यात ठेवून वरून शाल पांघरली. लांबून बघितलं तर कोणीतरी म्हातारी गुडघ्यात मान घालून बसल्यासारखी दिसायची. मी दोनदा दचकलो.

ठरल्या सकाळी साहेब आले. डोक्याला रुमाल, हातात टेप, अंगावरचा शर्ट आत्ताच धुऊन न पिळता घातल्यासारखा. मागोमाग नागनाथअण्णाही आले, कारण हद्द त्यांचीही होती. मला वाटलं अण्णा रागावले असतील. ते म्हणाले, "शिवा, चहा टाकायचं बघ, सायेब उन्हातनं आल्यात."

साहेब आधी अव्वाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे तिघीजणी ओट्यापुढे खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. लग्नातल्या फोटोनंतर हा पहिलाच प्रसंग.

"स्वयंपाक एकत्रच असतो का?"

"व्हय!" तिघी एका सुरात म्हणाल्या. (वैशाली 'व्हय' म्हणाली! नाशिकची!)

"कधीपासून?"

"पयल्यापासनं," अव्वा म्हणाली.

"लग्न झाल्यापासून," वैशाली म्हणाली.

"आज सकाळधरनं," काकू म्हणाली. काकूला खोटं बोलता येत नाही.

"आजची भाजी! आजची भाजी सकाळपासून एकत्र चाललीय असं म्हणतेय ती," मी मध्ये पडलो आणि साहेबांना घाईघाईने मागच्या बाजूला नेलं.

देवघरात मल्लूकाका डोळे मिटून तसबिरींपुढे बसले होते. हातात घंटा, कपाळावर भस्माचे पट्टे, अगदी ठसठशीत. साहेबांनी चपला काढल्या, हात जोडले. आणि तेवढ्यात महादेवाच्या तसबिरीमागून कुकरने शिट्टी दिली.

काका दचकले आणि जोरात घंटा वाजवायला लागले. कुकरने दुसरी शिट्टी दिली. काकांनी घंटा आणखी जोरात वाजवली. मग कुकर आणि काका यांची जी जुगलबंदी लागली, ती आमच्या गल्लीने अजून विसरलेली नाही. पडद्याआडून वाफ यायला लागली, तेव्हा अण्णांनी भक्तिभावाने डोळे मिटले.

"देवघरात कुकर?" साहेबांनी विचारलं.

"निवद हाय," काका म्हणाले.

(नंतर कळलं, साहेब यायच्या तोंडावरच काकूने डाळ लावून ठेवली होती. "एक दिवसासाठी काय म्हनून उपाशी ठिऊ? तुझ्या काकाला दुसऱ्याच्या हातची डाळ उतरत न्हाय," म्हणाली.)

मी साहेबांना वर नेलं. वरच्या खोलीत शिरताच ते कोपऱ्याकडे वळले आणि शाल पांघरलेल्या सिलिंडरला वाकून म्हणाले, "नमस्कार, आजी!"

आजी काही बोलल्या नाहीत.

"ऐकू कमी येतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग ही अभ्यासिका?"

"हो. मुलगी इथेच शिकली."

साहेबांनी फ्रिज उघडला. आत दिवा लागला आणि बीजगणित, भूमिती, भूगोल अशी ओळीने पुस्तकं दिसली. साहेबांनी भूगोल बाहेर काढला.

"गार आहे हो!"

"सोलापूरचा उन्हाळा, साहेब," मी म्हणालो. "पुस्तकांचा डिंक वितळतो."

साहेबांनी भूगोल दोन्ही गालांना लावला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग तो परत आत ठेवला. मला वाटलं, जिंकलो!

खाली आलो तर चहा तयार होता. तीन कप. अव्वाचा गूळ घातलेला, काकूचा गवती चहाचा, वैशालीचा आल्याचा. तिघींच्या हातात एकेक बशी, आणि तिघी साहेबांच्या हाताकडे डोळे लावून उभ्या. साहेब मुरलेले असावेत. त्यांनी तिन्ही कप घेतले आणि तिन्ही थोडे थोडे प्यायले. इथवर सगळं निभावलं होतं. पण अव्वाने त्यांच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, आणि साहेबांनी एक घास खाऊन अगदी सहज म्हटलं,

"चटणी फक्कड झालीय. मीठ तेवढं जरा कमी वाटतंय."

जगात इतकी वाक्यं असताना साहेबांना नेमकं हेच सुचावं?

"बगा!" काकू म्हणाली. "मी काय म्हनत हुते? इतकी वर्सं झाली, मी काय म्हनत हुते, अक्का?"

"माझ्या चटणीला मीठ कमी?" अव्वा म्हणाली. "टेंभुर्णीच्या मानसानं मला चटणी शिकवायची? तुमच्यात भाकरीला तरी आकार असतोय का?"

"निदान दात तरी पडत न्हाईत आमच्या भाकरीनं!"

"मी एक सुचवू का? थोडी साखर घातली तर..." वैशाली म्हणाली.

"साखर!" अव्वा आणि काकू एकदम ओरडल्या. (एकत्र कुटुंब बघायचं असेल तर ते तेवढ्या एका क्षणी होतं.)

मग अव्वाचं कन्नड सुरू झालं. आमच्या घरी अव्वाचं कन्नड सुरू झालं की अप्पा चप्पल घालून बाहेर जातात. "येनंदी? येनंदी?" म्हणजे "काय म्हणालीस?" करत ती काकूच्या अंगावर गेली. काकूला कन्नड येत नाही, पण इतक्या वर्षांत तिला त्यातलं लागेल तेवढं कळायला लागलंय. ती तिच्या भाषेत फोडणी देत होती. कोणाच्या लग्नात कोणाला मानाचं पातळ मिळालं नाही, कोणाच्या बाळंतपणात कोण आलं नाही, कोणी कोणाची परात नेऊन अजून दिली नाही, सगळं बाहेर पडलं. वैशालीने नाशिकहून आणलेल्या चिवड्याचा डबा कोणी रिकामा केला, हे तिने भर सभेत विचारलं. (मी केला होता. मी खिडकीबाहेर बघितलं.)

"साकु! साकु!" काका देवघरातून घंटा घेऊनच धावत आले. "पुरं करा, सायेब हायत!" कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी तिथेही घंटा वाजवली.

आता तीनच काय, साहेब सहा बिऱ्हाडं लिहिणार! मी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. साहेब मात्र शांतपणे भाकरी मोडून खात होते. शेवटचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी हात झटकले आणि पेन काढलं.

"एक कुटुंब," ते म्हणाले आणि लिहिलं.

"साहेब?"

"अहो, वेगवेगळी बिऱ्हाडं असली की माणसं गोड बोलतात एकमेकांशी. परातीचा हिशोब इतकी वर्षं ठेवायला घरचंच माणूस लागतं. तो वरचा ओटा आणि मागचा गॅस तेवढा नकाशाप्रमाणे करून घ्या केव्हातरी." आणि जाता जाता म्हणाले, "आणि आजींवरची शाल काढा. उन्हाळा आहे."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. या क्षणी मी त्यांचे पाय धरून, नारळ देऊन, गेटपर्यंत सोडून आलो असतो, तर ही गोष्ट इथे संपली असती आणि माझी मान ताठ राहिली असती. पण माझ्या अंगात वाचन संचारलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "आता यांचा प्लॉट मोजा!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा वाईट वाटल्यासारखं. मला तेवढ्यापुरतं कसंतरी झालं. पण टेप उलगडला होता, आणि त्याचं टोक धरायला माणूस लागत होता. मीच धरलं! अगदी ताणून, भिंतीला चिकटवून, इंचाचीही सूट मिळू नये म्हणून. साहेबांनी आकडे बघितले, मान हलवली.

"कमी भरतंय. चार फ्लॅट नाही बसत."

"मी म्हणालो नव्हतो?" मी म्हणालो.

"पण कागदावर जास्त आहे," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "गेली कुठे जागा? या कोपऱ्यात हद्दीचा दगड असायला पाहिजे. दिसत नाही."

"मला न्हाय म्हाईत," अण्णा म्हणाले. "मी आलो तवा ही भिंत होतीच."

"दगड असणारच साहेब!" मी म्हणालो. "आमच्या अप्पांना विचारू. प्लॉट घेतला तेव्हापासूनचं सगळं त्यांना ठाऊक आहे." आणि मी स्वतः, पळत जाऊन, गेटबाहेर अव्वाचं कन्नड संपायची वाट बघत उभ्या असलेल्या अप्पांना घेऊन आलो. एवढी धावपळ मी माझ्या लग्नातही केली नव्हती.

"दगड?" अप्पा म्हणाले. "त्यो काय! आपल्याकडंच हाय की."

आणि अप्पांनी सगळ्यांना आमच्या बाजूला आणलं. भिंतीच्या आत, चांगलं हातभर आत, कढीपत्त्याच्या झाडाखाली, काकू ज्या दगडावर रोज नारळ फोडते, तो दगड त्यांनी पायाने दाखवला. साहेबांनी वरच्या करवंट्या बाजूला केल्या. दगडावर खूण होती.

"अप्पा, मग भिंत पलीकडे कशी गेली?" मी विचारलं.

"आरं, मोरी आडवी येत हुती. गवंडी म्हनला, जरा पलीकडनं घिऊ. पलीकडं मोकळंच रान हुतं तवा. घेतली." अप्पांनी अभिमानाने भिंतीवर थाप मारली. "मजबूत हाय पन!"

साहेबांनी टेप परत लावला, या वेळी दगडापासून. टोक अजून माझ्याच हातात होतं.

"आता भरतंय," साहेब म्हणाले. "अगदी पुरेपूर. सरकारी मोजणी करून घ्या अण्णा, भिंत सरकवा, आणि चार फ्लॅट खुशाल बांधा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तक्रार केली म्हणून सापडलं बघा. नाहीतर यांचा अर्ज परत जायला निघालाच होता."

सरकारी मोजणी झाली. तिच्यातही दगड बरोबर आणि भिंत चूक निघाली. अण्णांनी एका शब्दानेही अप्पांना काही विचारलं नाही. उलट भिंत पाडायच्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "अप्पा, कढीपत्त्याला हात लावू द्यायचा न्हाय मी. भिंत त्याच्याकडनं वळवून घिऊ." मी वरच्या खोलीतून ऐकत होतो. मला खाली जायचं धाडस झालं नाही. ती हातभर पट्टी गेल्यावर आमच्या घराच्या बाजूची मोकळी जागा इतकी कमी भरायला लागली, की आता नियमाने आमच्याच प्लॉटवर दुसरं बिऱ्हाड बसत नाही!

इमारत उभी राहिली. अण्णांचा जो एक फ्लॅट विकायचा होता, तो मल्लूकाकांनी घेतला. निघताना काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिवानंदा, तुझ्या घराची घनता कमी करून जातो." काकू तिथल्या ओट्यावर रात्रंदिवस मऊ भाकऱ्या थापते आणि कोणी शिट्ट्या मोजत नाही. अण्णांनी नव्या गच्चीची एक किल्ली अव्वाला दिली. ती गच्ची आमच्यापेक्षा उंच. सकाळचं पहिलं कोवळं ऊन आता तिच्या पापडांवर पडतं. ऊन गेलं ते फक्त माझ्या खोलीचं. दिवसाही दिवा लावून बसतो.

वास्तुशांतीच्या आधी इमारतीला नाव काय द्यावं, यावर अण्णांकडे बैठक बसली. मला बोलावलं नव्हतं, पण वैशाली गेली होती. नाव तिनेच सुचवलं आणि ते एकमताने मंजूर झालं, असं तिने परत आल्यावर सांगितलं. त्या बैठकीतून हसण्याचे आवाज आमच्या घरापर्यंत का येत होते, ते मला पाटी लागल्यावर कळलं.

पितळी अक्षरांत मोठी पाटी आहे, 'शिवकृपा'.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते देवाचं नाव वाटतं. परवा एक म्हातारे गृहस्थ पाटीपुढे थांबले, चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. मी आमच्या गेटात, त्या इमारतीच्या सावलीत, उभा होतो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हळूच हात वर केला आणि त्यांना आशीर्वाद देऊन टाकला.